घरच्या कुंडीत केल कशी लावायची, खुडायची आणि साठवायची? मोबाईलच्या मदतीने संपूर्ण माहिती



स्मूदी, सॅलड आणि डाएटच्या व्हिडिओंमुळे केल ही पालेभाजी आता आपल्याकडेही ओळखीची झाली आहे. मोठ्या शहरांतल्या सुपरमार्केटमध्ये आणि किराणा डिलिव्हरीच्या अ‍ॅप्सवर ती मिळते. पण पालक-मेथीच्या जुडीपेक्षा ती बरीच महाग असते आणि घरी येईपर्यंत पानं मलूल झालेली असतात. मग "घरीच लावली तर?" असा प्रश्न पडतोच. मी पुण्यात बाल्कनीतल्या कुंड्यांमध्ये केल लावतो, त्यामुळे उत्तर सरळ देतो: हो, येते, आणि चांगली येते. जागा फार लागत नाही, महागडं गॅजेटही लागत नाही.

अडचण येते ती माहितीची. केलबद्दल इंटरनेटवर जे काही आहे, त्यातलं बहुतेक अमेरिका, इंग्लंड, कॅनडा अशा थंड देशांतल्या लोकांनी आपल्या हवामानासाठी लिहिलेलं आहे. ते तिथे बरोबर आहे. आपण ते जसंच्या तसं पाळलं तर रोप मार्च-एप्रिलच्या उन्हात होरपळतं आणि आपण म्हणतो, "आपल्याकडे केल येतच नाही." म्हणून या लेखात आपण आपल्या हवामानाचं वेळापत्रक, फोनचा योग्य वापर, काढणी आणि साठवण असं सगळं क्रमाने पाहणार आहोत.

केल म्हणजे नक्की काय?

केल ही कोबीच्या कुळातली पालेभाजी आहे. कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, नवलकोल आणि केल या सगळ्या एकाच वनस्पतीच्या प्रजातीपासून माणसाने निवड करत करत तयार केलेल्या भाज्या आहेत. कोबीत आपण पानांचा गड्डा खातो, फुलकोबीत फूल, नवलकोलात फुगलेलं खोड. केलमध्ये गड्डा धरत नाही, पानं सुटी राहतात आणि आपण तीच खातो. काश्मीरमध्ये रोजच्या जेवणात असणारी 'हाख' ही भाजीसुद्धा याच घराण्यातली, गड्डा न धरणारी पालेभाजी आहे. म्हणजे असं पान भारताला अगदी नवं नाही, आपल्या बाल्कनीला नवं आहे.

बियाणं घेताना तीन प्रकार जास्त दिसतात:

- कर्ली केल: कुरळ्या काठाची, हिरवी. सगळ्यात जास्त मिळते. पण त्या कुरळ्या घड्यांमध्ये मावा लपून बसतो आणि पानं धुणं त्रासाचं होतं.
- लॅसिनाटो किंवा टस्कन केल: लांब, गडद हिरवी, सुरकुतलेली पानं. हिलाच डायनासोर केल म्हणतात. पानं सपाट असल्याने कीड पटकन दिसते.
- रेड रशियन: जांभळट देठ आणि कातरलेली, कोवळी पानं. ही खरं तर केलची जवळची नातेवाईक आहे, पण लावायची आणि खायची पद्धत तीच.

पहिल्यांदा लावत असाल तर मी लॅसिनाटो घ्या असं सांगेन. कीड वेळेत दिसणं हे बाल्कनीत फार महत्त्वाचं असतं.

सर्च करताना ही काळजी घ्या

मराठीत 'केल लागवड' असं टाकलं की सर्च इंजिन ते 'केळी लागवड' समजू शकतं. बोलून सर्च केलं तर गोंधळ आणखी वाढतो. त्यामुळे 'कर्ली केल भाजी' किंवा 'केल पालेभाजी कुंडीत' असं टाका.

दुसरी गोष्ट 'झोन'ची. परदेशी व्हिडिओंमध्ये "झोन ७ ते ९ मध्ये चालते" असं ऐकू येतं. हे झोन अमेरिकेच्या कृषी विभागाने केलेले आहेत आणि ते फक्त एकच गोष्ट सांगतात: त्या भागात वर्षातली सगळ्यात कडक थंडी सरासरी किती पडते. उन्हाळा किती कडक आहे हे त्यातून अजिबात कळत नाही. आपल्याला अडचण असते उन्हाळ्याची, त्यामुळे झोनचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही. "शेवटच्या फ्रॉस्टनंतर लावा" हा सल्लाही तसाच. आपल्या बहुतेक शहरांत दहिवर गोठतच नाही.

एआय चॅटबॉटला विचारणार असाल तर ठिकाण, महिना आणि कुंडीचा आकार लिहूनच विचारा. उदाहरणार्थ: "मी पुण्यात राहतो, दक्षिणेकडे तोंड असलेली बाल्कनी आहे, १२ इंची कुंडी आहे, ऑक्टोबर महिना चालू आहे. केलचं ७५ दिवसांचं वेळापत्रक दे." उत्तरात मार्च-एप्रिलमध्ये पेरा किंवा फ्रॉस्टची वाट पाहा असं आलं, तर ते परदेशी वेळापत्रक आहे असं समजा आणि बाजूला ठेवा.

कधी पेरायची? थंडीच्या शेवटापासून मागे मोजा

केलला १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान सगळ्यात जास्त मानवतं. दिवसा ३० पर्यंत गेलं तरी रात्री गारवा असेल तर ती चालवून घेते. पण दुपार ३३-३४ वर जायला लागली आणि रात्रीही उकडायला लागलं की पानं लहान, राठ आणि कडू होतात. उलट चांगली थंडी पडली की झाड पानांमध्ये साखर वाढवतं आणि चव गोड होते. म्हणून थंडीतली केल आणि मार्चमधली केल एकाच झाडाची असली तरी वेगळी लागते.

आता साधा हिशोब करू. बी पेरल्यापासून रोप लावण्यायोग्य व्हायला साधारण ३० दिवस आणि त्यानंतर पहिली काढणी यायला ४० ते ५० दिवस. म्हणजे एकूण ७५ दिवस धरा.

- पुणे, नाशिक आणि आसपास: १ ऑक्टोबरच्या सुमारास पेरलं तर १५ डिसेंबरच्या आसपास पहिली पानं मिळतात आणि फेब्रुवारी अखेरपर्यंत खुडता येतात. १५ नोव्हेंबरला पेरलं तर काढणी जानेवारीच्या शेवटी सुरू होते आणि हातात जेमतेम महिना उरतो. त्यामुळे दिवाळी होऊन जाऊ दे, मग बघू असं करू नका.
- विदर्भ, मराठवाडा: ऑक्टोबरमध्येच पेरा. थंडी छान पडते, पण उन्हाळाही लवकर आणि जोरात येतो.
- मुंबई, कोकण, गोवा: ऑक्टोबरची उकाड्याची लाट ओसरल्यावर, महिन्याच्या शेवटी पेरा. रात्री फार गार होत नाहीत, त्यामुळे पूर्ण वाढलेल्या पानांपेक्षा कोवळ्या पानांवर भर द्या. ती पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत कापता येतात.

फोनमध्ये करायचं एवढंच: कॅलेंडर उघडा, पेरणीच्या दिवशी एक नोंद टाका, त्यापुढे ३० व्या दिवशी 'रोप हलवणे' आणि ७५ व्या दिवशी 'पहिली काढणी' अशा दोन नोंदी टाका. तापमानासाठी भारतीय हवामान विभागाचं 'मौसम' अ‍ॅप चालेल. त्यात कमाल तापमानासोबत किमान तापमानही रोज बघायची सवय ठेवा. एक लक्षात घ्या, अ‍ॅपमधलं तापमान हवामान केंद्राचं असतं. तुमच्या बाल्कनीत एसीचं बाहेरचं युनिट असेल किंवा समोर काचेची इमारत असेल तर तिथे जास्त गरम असतं.

बाल्कनीत ऊन किती येतं? फोनने असं मोजा

केलला रोज ६ तास ऊन मिळालं तर उत्तम, ४ तासांवरही ती वाढते, फक्त हळू. "माझ्याकडे भरपूर उजेड आहे" हा अंदाज मात्र बहुतेक वेळा चुकतो, कारण आपले डोळे कमी उजेडाला पटकन सरावतात.

१. दिशा बघा. फोनमधलं होकायंत्र उघडा. मॅग्नेट असलेलं कव्हर काढा आणि लोखंडी ग्रिलपासून थोडं लांब उभे राहा, नाहीतर दिशा चुकीची दाखवेल. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. पुण्यात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर असतो. म्हणून दक्षिणेकडच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येतं. मे महिन्यात तोच सूर्य डोक्यावर असतो आणि त्याच बाल्कनीत दुपारी ऊन शिरत नाही. म्हणजे उन्हाळ्यात "इथे ऊन नाही" म्हणून सोडून दिलेली जागा केलसाठी सगळ्यात चांगली ठरू शकते. उत्तरेकडच्या बाल्कनीत मात्र हिवाळ्यात थेट ऊन येत नाही. तिथे केलचा हट्ट करू नका.

२. दिवसभराचे फोटो काढा. सुट्टीच्या दिवशी एकाच जागेवरून ८, १०, १२, २, ४ वाजता फोटो काढा. फोटोच्या माहितीत वेळ आपोआप साठते. संध्याकाळी पाचही फोटो बघितले की कुठल्या कोपऱ्यात किती तास ऊन आहे ते समोर येतं.

३. लाइट मीटर अ‍ॅप. अँड्रॉइड फोनमध्ये समोर वरच्या बाजूला असलेला सेन्सर वापरून ही अ‍ॅप्स लक्समध्ये आकडा दाखवतात. आयफोनवर हीच कामं कॅमेऱ्यावरून होतात. भर दुपारच्या थेट उन्हात सुमारे १ लाख लक्स, ढगाळ हवेत बाहेर १० ते २० हजार आणि घरात ट्यूबलाइटखाली काही शे एवढाच आकडा येतो. फोनचा सेन्सर प्रयोगशाळेतला नाही, त्यामुळे नेमक्या आकड्यावर जाऊ नका. दोन कोपऱ्यांची तुलना करायला तो पुरेसा आहे.

बियाणं ऑनलाइन घेताना

निळ्या किंवा इंद्रधनुषी केलचे फोटो दिसले तर पुढे जा. ते रंग एडिटिंगमधले असतात. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो दिलेला आहे का ते बघा. त्यावर वाणाचं नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवणशक्तीची टक्केवारी आणि वापरण्याची शेवटची तारीख असायला हवी. पाकीट घरी आलं की त्याचा फोटो काढून ठेवा, पाकीट नंतर हरवतंच.

बी जुनं वाटलं तर सोपी चाचणी करा. ओल्या टिश्यू पेपरमध्ये १० बिया गुंडाळा, डब्यात ठेवा आणि आठवड्याने मोजा. ७ उगवल्या तर ७० टक्के. ५ पेक्षा कमी उगवल्या तर नवीन पाकीट घ्या, कारण हंगाम छोटा आहे आणि दोन आठवडे वाया घालवणं परवडत नाही.

कुंडी आणि माती

एका रोपाला १२ इंच रुंद आणि तेवढीच खोल कुंडी किंवा ग्रो बॅग हवी. खाली पाणी जायला भोकं असावीत. मातीचं मिश्रण असं करा:

- ४ भाग चांगली बागेची माती
- ३ भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत
- ३ भाग धुतलेलं कोकोपीट
- दर कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड

चार माणसांच्या घरात आठवड्यातून एकदा भाजी व्हावी असं वाटत असेल तर किमान ४ रोपं लावा. एका रोपावरून आठवड्याला ३-४ चांगली पानं मिळतात असं धरून चाला.

पेरणी ते रोप

१. सीडलिंग ट्रे किंवा भोकं पाडलेल्या कागदी कपात प्रत्येकी २ बिया सुमारे १ सेंटिमीटर खोल टाका.
२. ५ ते १० दिवसांत उगवण होते. तोपर्यंत माती ओलसर ठेवा, चिखल करू नका.
३. ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या रोपाला सोसत नाही. पहिले दोन आठवडे फक्त सकाळचं ऊन द्या.
४. रोप उंच, बारीक आणि वाकलेलं होत असेल तर उजेड कमी पडतोय. जागा बदला.
५. दोन्ही बिया उगवल्या तर कमकुवत रोप कात्रीने कापा. उपटू नका, दुसऱ्याची मुळं हलतात. कापलेलं कोवळं रोप खाता येतं.
६. ४-५ खरी पानं आली की संध्याकाळी मोठ्या कुंडीत हलवा. खालच्या पानांच्या देठापर्यंत माती येऊ द्या आणि लगेच पाणी द्या. जमिनीत लावणार असाल तर दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा.

पाणी आणि खत: रिमाइंडर कशाचा लावायचा?

इथे एक महत्त्वाची गोष्ट. 'पाणी द्या' असा रिमाइंडर लावू नका, 'माती तपासा' असा लावा. पाणी किती लागेल हे ऊन, वारा आणि रोपाच्या आकारावर ठरतं, घड्याळावर नाही. बोट एक इंच मातीत घाला. कोरडं लागलं तर भोकातून थोडं पाणी बाहेर येईपर्यंत द्या. ओलं लागलं तर उद्या.

बाजारात दोन दांड्यांचे स्वस्त ओलावा मीटर मिळतात. मातीत खत आणि क्षार किती आहेत त्यावर त्यांचा आकडा बदलतो. नुकतंच खत घातलेल्या कुंडीत ते 'ओलं' दाखवू शकतात आणि रोप मात्र सुकत असतं. बोट फुकट आहे आणि जास्त भरवशाचं आहे.

खतासाठी दर १५ दिवसांचा रिपीट रिमाइंडर चालेल. प्रत्येक वेळी दोन मुठी गांडूळखत वरच्या मातीत मिसळा. खालची पानं सगळीच पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय. फक्त एखादं सगळ्यात जुनं पान पिवळं झालं असेल तर काळजी नको, ते काढून टाका.

कीड: कॅमेरा उघडा, पण पान उलटं करून

कोबीवर जी कीड येते तीच केलवर येते. मुख्य तीन:

- मावा: पानाच्या मागे राखाडी-हिरवट बारीक किड्यांची वस्ती. पान चिकट होतं, वळतं.
- चौकोनी ठिपक्यांचा पतंग: याची छोटी हिरवी अळी पानाला खिडकीसारखी पारदर्शक भोकं पाडते. हात लावला की धाग्याला लटकते.
- कोबीवरचं पांढरं फुलपाखरू: पानाखाली पिवळसर अंडी, मग अळ्या, आणि दोन दिवसांत पानाची चाळण.

आठवड्यातून दोनदा पानं उलटी करून बघा. फोटो काढताना फोन अगदी जवळ नेला की फोकस जातो. एक फूट लांबून २एक्स झूमने काढा, पानामागे पांढरा कागद धरा. मग गूगल लेन्ससारख्या अ‍ॅपमध्ये टाका. फोटोवरून ओळखणारी अ‍ॅप्स शक्यता सांगतात, खात्री देत नाहीत. लेन्सने दोन-तीन नावं दिली तर वरच्या लक्षणांशी जुळवून बघा. तरीही कळलं नाही तर फोटो आणि पिकाचं नाव घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या नर्सरीत विचारा. अ‍ॅपने सुचवलेलं रासायनिक औषध लगेच ऑर्डर करू नका. ही पानं आपण कच्चीसुद्धा खातो.

उपाय सोपे आहेत. पहिल्या दिवसापासून रोपावर बारीक जाळी टाकली तर फुलपाखरू आणि पतंग अंडीच घालू शकत नाहीत. अळ्या आणि अंडी हाताने काढा. माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारा, तोही पानाच्या खालून. तरी राहिला तर १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. त्यानंतर निदान ३-४ दिवस पानं खुडू नका आणि खुडल्यावर नीट धुवा.

प्लांट केअर अ‍ॅप्सबद्दल दोन शब्द

"७ दिवस मोफत" म्हणणारं अ‍ॅप ट्रायल संपली की वर्षभराचे पैसे कापू शकतं. अ‍ॅप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करून पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन ते वेगळं रद्द करावं लागतं. आयफोनवर सेटिंग्जमध्ये तुमच्या नावावर टॅप केलं की सबस्क्रिप्शन्स दिसतात. चार कुंड्यांच्या बागेसाठी कॅलेंडर, कॅमेरा आणि एक गूगल शीट एवढं पुरतं.

रोपाचे फोटो बागकामाच्या ग्रुपवर टाकत असाल तर शेअर करताना लोकेशन काढून टाका. फोटोच्या माहितीत तुमच्या घराचं ठिकाण असू शकतं.

काढणी: पान खुडा, शेंडा सोडा

केल लावण्याचा खरा फायदा इथे आहे. कोबीचा गड्डा एकदा कापला की काम संपलं. केलची पानं मात्र अडीच-तीन महिने पुन्हा पुन्हा येतात, फक्त नियम पाळायला हवेत.

- पान तळहाताएवढं झालं की खुडायला सुरुवात करा.
- नेहमी खालची, बाहेरची पानं आधी काढा. देठ खोडाजवळ धरून खाली ओढला की सहज तुटतो.
- मधला शेंडा आणि त्याभोवतीची ५-६ पानं कधीच तोडू नका. नवीन पान तिथूनच येतं.
- एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पानं घेऊ नका.
- सकाळी लवकर खुडा. तेव्हा पानांत पाणी भरलेलं असतं आणि ती जास्त टिकतात.
- पानं मोठी झाली की अजून मोठी होऊ दे म्हणून थांबू नका. जुनं पान राठ आणि कडू होतं, शिवाय माव्याचं घर बनतं.

काही आठवड्यांनी झाड छोट्या ताडासारखं दिसायला लागतं: खाली उघडं खोड, वर पानांचा झुपका. हे बरोबर आहे. त्याला काठीचा आधार द्या.

मार्चमध्ये दुपारचं ऊन चढलं की झाडाला हिरवी शेडनेट लावून दोन-तीन आठवडे मिळू शकतात. पण पानं कडू लागायला लागली की मोह सोडा. उरलेली चांगली पानं एकदम काढा आणि पुढे सांगितल्याप्रमाणे साठवा.

साठवण: फ्रीजमध्ये आणि फ्रीझरमध्ये

केल शून्य अंशाजवळ आणि भरपूर दमट हवेत सगळ्यात जास्त टिकते. शीतगृहात अशी ती १० ते १४ दिवस राहते. घरच्या फ्रीजमध्ये ४ अंशांच्या आसपास ५ ते ७ दिवस धरा.

फ्रीजसाठी: पानं न धुता, पिवळी-फाटकी बाजूला काढून, कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळा. ते पिशवीत घालून भाजीच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. केळी, सफरचंद, टोमॅटो त्याच ड्रॉवरमध्ये नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने पानं लवकर पिवळी पडतात.

फ्रीझरसाठी:
१. पानं मिठाच्या पाण्यात १० मिनिटं बुडवा, म्हणजे लपलेल्या अळ्या वर येतात. मग दोनदा धुवा.
२. जाड देठ काढा, पानं चिरा.
३. उकळत्या पाण्यात बरोबर २ मिनिटं टाका. फोनचा टायमर लावा.
४. लगेच बर्फाच्या पाण्यात टाका.
५. घट्ट पिळून एका भाजीपुरते गोळे करा, पिशवीत हवा काढून भरा, तारीख लिहा.

उकळण्याची पायरी गाळू नका. कच्ची पानं तशीच गोठवली तर त्यांतली एन्झाइम्स काम करत राहतात आणि काही आठवड्यांत रंग आणि चव जाते. नीट गोठवलेली केल ८ ते १२ महिने चांगली राहते. लोडशेडिंग झालं तर फ्रीझर उघडू नका. पूर्ण भरलेला आणि बंद ठेवलेला फ्रीझर साधारण ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो.

गोठवलेली पानं सॅलडला चालत नाहीत. थालीपीठ, पराठा, डाळ घालून पातळ भाजी किंवा कोथिंबीर वडीसारख्या वड्या यांत मात्र ती मस्त लागतात. ताजी केल कच्ची खायची असेल तर देठ काढून चिरा, मीठ आणि लिंबू लावून दोन मिनिटं हाताने चोळा. राठपणा जातो.

घरात कोणी रक्त पातळ करणारी गोळी घेतं का?

हा भाग वगळू नका. केलमध्ये व्हिटॅमिन के खूप असतं आणि ते रक्त गोठायला मदत करतं. आजी-आजोबांपैकी कोणी वॉरफेरिन किंवा अ‍ॅसेनोकुमॅरॉल घेत असेल, उदाहरणार्थ हृदयाची झडप बदलल्यानंतर, तर अचानक रोज केल सुरू केल्याने गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. पालेभाजी बंद करायची नसते, प्रमाण रोज सारखं ठेवायचं असतं, आणि ते किती हे डॉक्टर ठरवतात. घरची बाग बहरली की आपण उत्साहाने सगळ्यांच्या ताटात वाढतो, म्हणून आधीच विचारून घ्या.

बाकीच्यांसाठी केल चांगलीच भाजी आहे. पालकात ऑक्झलेट जास्त असल्याने त्यातलं कॅल्शियम शरीराला फारसं मिळत नाही. केलमध्ये ऑक्झलेट कमी असल्याने तिच्यातलं कॅल्शियम चांगलं शोषलं जातं.

पुढच्या वर्षासाठी नोंद ठेवा

गूगल शीटमध्ये पाचच रकाने करा: तारीख, काय केलं, कमाल-किमान तापमान, काय दिसलं, किती पानं मिळाली. दर रविवारी एकाच जागेवरून एक फोटो काढा. पहिल्या हंगामाच्या शेवटी तुमच्याकडे तुमच्या बाल्कनीची माहिती तयार असेल. कुठल्याही परदेशी व्हिडिओपेक्षा पुढच्या ऑक्टोबरमध्ये तीच जास्त उपयोगी पडेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात केल लावता येईल का? मैदानी भागात नाही. त्याऐवजी माठ, अंबाडी, चवळई लावा. त्यांना ऊन चालतं.

घरात ग्रो लाइटखाली येईल का? कोवळ्या पानांपुरती येते. पूर्ण झाडासाठी विजेचा खर्च आणि उकाडा दोन्हींचा विचार करा.

केलला फुलं का येत नाहीत? ती दोन वर्षांची वनस्पती आहे. फुलायला तिला बराच काळ कडक थंडी लागते. आपल्याला पानं हवीत, त्यामुळे बिघडत नाही. पुढच्या वर्षी बी मात्र नवीन घ्यावं लागेल.

पावसाळ्यात पेरू का? नको. सततच्या ओलाव्याने रोपं मुळाशी कुजतात. पावसाळ्यात माती आणि कुंड्या तयार करून ठेवा.

तर मित्रांनो, आत्ताच कॅलेंडर उघडा आणि तुमच्या भागाप्रमाणे पेरणीची तारीख टाका. हंगामात ती एक तारीख पाळली तर बाकीचं बरंच सोपं होतं. माहिती उपयोगी वाटली तर बाल्कनीत कुंड्या असलेल्या मित्र-मैत्रिणींना नक्की पाठवा.